हे काढलं तर काय बिघडतं

जोगदंड बाईंची आठवण आली की आधी आंबूस दुधाचा वास येतो, आणि त्याच्या मागोमाग बाई येतात. यात बाईंचा काही दोष नाही. त्या रोज धारूरहून एसटीने येत, फाट्यावर उतरून आमच्या वाडीपर्यंतचा माळ पायी तुडवत, आणि त्यांच्या फिक्या, बारीक काठाच्या पातळाला कशाचाच वास नसे. पण आमची सातवी त्या वर्षी भरत होती गावच्या दूध संस्थेच्या खोलीत. शाळेच्या एका खोलीचं छत खचलं होतं, आणि इकडे दुष्काळाने जनावरं चारा छावणीला गेल्यामुळे संस्थेत थेंबभरही दूध येत नव्हतं. चेअरमननी किल्ली शाळेला देऊन टाकली. दूध गेलं, वास मात्र फरशीच्या सांध्यांतून मुक्कामाला राहिला.

भिंतीवर काळा रंग दिलेला एक चौकोन होता. सभासदाचं नाव, लिटर आणि फॅट असे रकाने त्यावर पांढऱ्या तैलरंगाने कायमचे आखलेले. बाई त्याच रकान्यांत मराठी शिकवत. 'मुख्य विचार' हे शब्द नेमके 'फॅट'च्या खाली येत, आणि आम्हाला त्याचं रोज नव्याने हसू येई. बाईंनाही येत असावं, पण त्या ते पदराआड नेत आणि पाठमोऱ्या होऊन उरलेलं वाक्य लिहून काढत.

दुधाचे कॅन आत घेण्यासाठी त्या खोलीला एक बुटकी खिडकी होती. अकराच्या सुमारास बालाघाटाच्या माथ्यावरून उतरलेलं थंडीतलं कोवळं ऊन तिच्यातून आत येई आणि बाईंच्या उजव्या हातावर स्थिरावे. त्या हाताची तर्जनी मला त्यांच्या मुद्रेपेक्षा स्पष्ट आठवते. टोकाशी खडूने पांढरी झालेली, नखाशी जरा वाकडी, आणि कमालीची सावकाश. वर्गात गलका झाला की बाकीचे गुरुजी आवाज चढवत. बाई तो उतरवत. उतरवत उतरवत इतका खाली नेत की शेवटी नुसते ओठ हलल्यासारखे दिसत, आणि मागची पोरं एकमेकांना "गप की बे" करीत पुढे सरकत. इतक्या हळू बोलणाऱ्या माणसाला आम्ही इतकं घाबरत का होतो, हे मला अजून उमगलेलं नाही. ती भीती नसावीच बहुधा.

त्यांचा एक नियम होता. उत्तर तोंडाने द्यायचं नाही; आधी पुस्तकात बोट ठेवायचं, मग बोलायचं. एका राजाची आणि एका शिल्पकाराची गोष्ट होती. राजा लांबून घोड्यावर येतो, अर्धवट घडवलेली मूर्ती पाहतो, आणि पूर्णत्व म्हणजे काय यावर दोघांचं बोलणं होतं. बाईंनी विचारलं, या पाठाचा मुख्य विचार काय? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "पाणी, बाई." त्या साली आमचं हे असंच होतं. पाठ कशाचाही असो, टपाल खात्याचा असो की मधमाश्यांचा, मुख्य विचार पाणी. टँकरचा भोंगा ऐकून घागरी घेऊन पळणाऱ्या पोरांना दुसरं काय सुचणार? नामदेव तर उठून उभाच राहिला. "राजा लई लांबून आलाय, बाई. आधी पाणीच मागंल."

बाई म्हणाल्या, "बोट ठेव."

नामदेवने शोधून शोधून बोट ठेवलं. घोड्याला पाणी दाखवल्याचं एक वाक्य खरोखरच होतं. बाईंनी त्याच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं आणि त्या म्हणाल्या, "हे तुझ्या मनातलं आहे, नामदेव. पाठातलं न्हाई. दोन्ही खरंच आहेत. पण वहीत पाठातलं लिही."  चूक इतक्या मायेने बाजूला ठेवणारं माणूस मी त्यानंतर फारसं पाहिलं नाही.

सारांश म्हणजे पाठातली चांगली चांगली वाक्यं वेचून लिहिणं, अशी आमची समजूत होती. बाई म्हणायच्या, ती साय झाली. साय काढली तरी खाली दूध राहतंच. सारांश म्हणजे खवा. सगळंच्या सगळं दूध कढईत ओतायचं आणि ढवळत बसायचं. प्रत्येक वाक्याशी थांबून विचारायचं, हे काढलं तर काय बिघडतं? काही बिघडत नसेल तर ते वाफ होऊन गेलं म्हणायचं. दुधाच्या रिकाम्या खोलीत बसून आम्ही ते ऐकत असू, आणि दोन-चार जणांच्या तोंडाला खरोखरच पाणी सुटे.

आता माझं सांगते. माझे माय-दादा, म्हणजे आई-वडील, दरसाल दसरा उलटला की मुकादमाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला जात, नदीकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यावर. अर्धी वाडी कुलूपबंद होई. मीही दरसाल जात असे, धाकट्या भावाला सांभाळायला, आणि चैत्रात परत येईपर्यंत शाळा मला विसरलेली असे. त्या साली मात्र आजीजवळ मागे राहिले. बाईंनी दादांना संस्थेच्या ओट्यावर गाठून कसंबसं कबूल करवलं होतं. पण संक्रांतीच्या आधी मुकादमाच्या जीपचा ड्रायव्हर बाबूमामा गावात आला आणि आजीच्या दारात उभ्याउभ्या दादांचा निरोप सांगून गेला. लेकरू फार रडतं, मायचं काम होत नाही, सिंधूला परवाच्या जीपमध्ये बसवून द्या.

आजी पुटपुटली, "आता कावून पाठवू पोरीला? मधूनच कशाला?" पण दादांचा शब्द मोडण्याची तिची प्राज्ञा नव्हती. तिने माझं सामान फडक्यात बांधायला घेतलं.

मी बाईंकडे गेले. मला वाटलं होतं, बाई पदर खोचतील, बाबूमामाला चार शब्द सुनावतील, दादांना पत्र लिहितील. बाईंनी यातलं काहीही केलं नाही, आणि मला त्यांचा खूप राग आला. त्या म्हणाल्या, "निरोप तुला आलाय. उत्तरही तूच धाड. काय काय सांगायचंय ते सगळं लिहून आण."

मी चार पानं लिहिली. सहामाहीचे गुण लिहिले, आजीला नीट दिसत नाही हे लिहिलं, नामदेवचे आई-बाप त्याला नेत नाहीत हे लिहिलं. लिहिता लिहिता रडले, तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई त्या बुटक्या खिडकीशी माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, "तुझ्या मायला वाचता येत न्हाई, दादांना येत न्हाई, बाबूमामाला येत न्हाई. हे तोंडीच जाणार. दोन दिवसांच्या वाटेत बाबूमामाच्या ध्यानात एकच गोष्ट राहील. ती कोणती, ते तू ठरवायचं." आणि पहिल्या वाक्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काढलं तर काय बिघडतं?"

गुण गेले. नामदेव गेला. आजीचे डोळे जाताना मला वाईट वाटलं, पण तेही गेले. 'मला शाळेत राहू द्या' हे वाक्य सात वेळा आलं होतं. मला वाटलं, हेच ते.  पण बाईंचं बोट पुढे सरकत राहिलं आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात कोंबलेल्या एका वाक्याशी येऊन थांबलं. 'मागच्या साली बाळ ट्रॅक्टरच्या चाकाजवळ गेलं होतं आणि मी वाचत होते.'

बाईंनी हळू आवाजात विचारलं, "हे कधीचं?"

मी सांगितलं. उसाच्या फडाच्या कडेला बाळाला घेऊन बसले होते. मीठ बांधून आणलेला वर्तमानपत्राचा एक तुकडा हाती लागला, त्यात मी बुडाले. कुणीतरी ओरडलं म्हणून मान वर केली तर ट्रॅक्टर मागे येत होता आणि बाळ माझ्याजवळ नव्हतं. धावत आमच्या कोपीकडे, पाचटाच्या खोपटाकडे गेले. बाळ आत बोचक्याला टेकून बसलेलं, अंगाला चाकाजवळची ओली माती. टोळीतल्या कुणा बाईने उचलून ठेवलं असावं. मी कुणाला काही विचारलं नाही आणि मायला काही सांगितलं नाही. वर्षभर सांगितलं नाही.

बाईंनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरला. इतका वेळ सगळ्या वाक्यांना विचारलेला प्रश्न त्यांनी या वाक्याला विचारला नाही. मलाच कळलं की हे काढलं तर उरलेल्या चार पानांना काही अर्थ राहत नाही. शाळेची ओढ खरी होती, पण तिच्या तळाशी ती भीती होती. मी त्या लेकराजवळ जायलाच भीत होते. हे सांगावं तर माय मला जन्मभर टाकून बोलेल, दादा पुस्तक हाती धरू देणार नाहीत. न सांगावं तर उद्याची जीप ठरलेली.

"ठरव तू," बाई म्हणाल्या, आणि घंटा द्यायला उठल्या. त्यांनी मला सोपं करून दिलं नाही. तेव्हा तो दुष्टपणा वाटला होता.

जीप निघताना मी बाबूमामाला एकच वाक्य सांगितलं आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. "बाळाला माझ्याकडं देऊ नका; मागं मी त्याला विसरले होते." बाबूमामाने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, गाडीत बसण्याचा आग्रह केला नाही, आणि गेला.

पुढचे पंधरा दिवस मी वर्गात कशी बसले ते मला आठवत नाही. बाईंनी एकदाही विषय काढला नाही. फक्त वाचायला उभं करताना त्या माझं नाव इतरांपेक्षा जरा हळू घेत, आणि एकदा वाचता वाचता माझा आवाज थांबला तेव्हा पुढचं वाक्य त्यांनी स्वतः वाचून पुरं केलं. मग परत पुस्तक माझ्या हातात दिलं.

बाबूमामा आला तो थेट संस्थेच्या खोलीशी. चपला काढून उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, "तुझ्या मायनं दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून. म्हनली, तिला म्हनावं, मला ठावं हाय. म्याच उचललं व्हतं लेकराला. तितंच ऱ्हा, शिक."

वर्गात कुणाला काही कळलं नाही. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, खडू धरलेला हात रकान्यावर तसाच.  मग वळल्या आणि म्हणाल्या, "पान उघडा." त्या दिवशी त्यांचा आवाज इतका खाली होता की पुढे बसूनही मला ऐकू आला नाही.

चैत्रात माय आली. मी तिच्या कुशीत शिरले तेव्हा ती म्हणाली, "येडे, रागं भरले असते तर तू परत कदी वाचलं असतंस का?" आम्ही पहिल्यांदाच त्या दुपारबद्दल बोललो, आणि मग आयुष्यभर सगळ्याच गोष्टी बोलत राहिलो, ती अंथरुणाला खिळली तेव्हासुद्धा.

बाईंची पुढे डोंगरापल्याड बदली झाली, मग निवृत्ती, मग कुणीतरी जाता जाता सांगितलं की त्या गेल्या. मी आता तहसील कचेरीत टिप्पण्या लिहिते आणि साहेब म्हणतात, तुमची टिप्पणी आखूड असते. बाईंनी विचारलं नसतं तर माय आणि मी एकाच चुलीपुढे बसून, एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत वय काढलं असतं. माय शेवटपर्यंत माझी राहिली ती त्यांच्यामुळे, हे बाईंना कधीतरी सांगू म्हणून इतकी वर्षं मनाशी घोळवत ठेवलं, आणि ते वाक्य जेव्हा नीट जमलं तेव्हा ऐकायला त्या नव्हत्या.