रकान्यातली सहा मिनिटं

दुर्बीण विभागातल्या मोठ्या सिस्टरचं सकाळचं पहिलं काम ठरलेलं होतं. दिवसभराच्या पेशंटचे कोरे रिपोर्ट त्या पुढ्यात घ्यायच्या आणि एका रकान्यात ओळीने लिहून मोकळ्या व्हायच्या : सहा मिनिटं, सहा मिनिटं, सहा मिनिटं. पेशंट तेव्हा घरून निघालेलासुद्धा नसायचा! पण त्या तरी काय करणार? तेरा पेशंट, डॉक्टर एक, आणि मधल्या वेळात नळ्या धुवा, खाट पुसा, नातेवाइकांची समजूत घाला. संध्याकाळी त्यांचे पाय इतके सुजायचे की चपलेचा पट्टा लागायचा नाही. त्यात घड्याळ कोण लावणार, असं त्यांना वाटायचं.

हा रकाना कसला, ते आधी सांगतो. पन्नाशीच्या आसपास, काही त्रास नसला तरी, मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्या असं डॉक्टर सांगतात. तिथला कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आतल्या अस्तरावर आधी छोटे कोंब येतात, वर्षानुवर्षं मुकाट बसतात, आणि त्यातल्या एखाद्याचं पुढे बिनसतं. कोंब वेळेवर दिसला तर तिथल्या तिथे काढता येतो आणि पुढचं सगळं टळतं. पण दुर्बिणीची नळी आत जाते तेव्हा फक्त वाट काढते. खरं बघायचं असतं ती बाहेर घेताना, सावकाश, एकेका घडीमागे डोकावत. त्याला निदान सहा मिनिटं तरी द्यावीत, असा दंडक आहे. ती दिली की नाही, ते या रकान्यात लिहायचं.

डॉक्टर वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. हात सफाईचा, बोलणं गोड. सगळे त्यांना कौतुकाने ‘एक्सप्रेस’ म्हणायचे. फळ्यावर रोज किती तपासण्या झाल्या तो आकडा लिहिला जायचा आणि वरचे साहेब तो बघून मान डोलवायचे. त्यातल्या किती जणांमध्ये कोंब सापडले, हे कधी कुणी विचारलं नाही. दहा वर्षं अशीच गेली. पाट्या टाकणं म्हणतात ते हेच, पण दमलेल्या माणसाला ते दिसत नाही.

त्या सोमवारी एक वयस्कर शिंपी तपासणीला आले. अंगावरचा सदरा त्यांनी स्वतःच शिवलेला असावा, पण आता तो दोन मापं मोठा झाला होता. आतड्यात मोठी गाठ निघाली. गाठ कसली हे कुणी बोलून दाखवलं नाही, तुकडा तपासायला गेला आणि त्यांना वॉर्डात दाखल करून घेतलं. जुना कागद शोधताना सिस्टरना तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट मिळाला. याच खोलीतला. ‘सर्व ठीक. दहा वर्षांनी या.’ आणि रकान्यात त्यांच्याच अक्षरात सहा मिनिटं. खाली दुर्बिणीने घेतलेले फोटो चिकटवलेले होते. प्रत्येक फोटोवर यंत्राने आपोआप वेळ छापलेली. आतड्याच्या पार टोकाचा फोटो दुपारी तीन वाजून चार मिनिटांचा, बाहेर आल्याचा तीन वाजून सहा मिनिटांचा. सिस्टरनी तो कागद बाजूला काढून ठेवला. 

त्यांना धास्ती वाटायला आणखी एक कारण होतं. त्यांच्या थोरल्या भावाची तपासणी शुक्रवारी होती. आई याच आजाराने गेली, आणि तेव्हापासून सिस्टर दादाच्या मागे लागल्या होत्या. ‘मला काय धाड भरलीय’ म्हणत त्याने चार वर्षं काढली आणि आत्ता कुठे तयार झाला होता. वडिलांमागे याच दादाने त्यांना वाढवलं, शिकवलं.

मंगळवारी चहाच्या वेळी त्यांनी डॉक्टरांना हळूच सांगितलं, शुक्रवारी माझा दादा आहे, त्याला जरा निवांत बघा हं. डॉक्टर लगेच म्हणाले, अहो, अगदी निवांत बघू, त्यात काय! सिस्टरना आधी हायसं वाटलं. मग वाटलं, म्हणजे निवांत बघता येतं तर! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. चहा तसाच टाकून त्या वॉर्डात शिंप्याच्या खाटेपाशी गेल्या आणि सगळं सांगून टाकलं.

शिंपीकाका खाटेवर उठून बसले. ते ओरडले असते तर सिस्टरना सोपं गेलं असतं.

“दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा रक्त दिसलं मला,” ते म्हणाले. “बायको म्हणाली, दाखवून या. मी म्हटलं, मूळव्याध असेल. कपाटात तुमचा कागद आहे ना, सगळं ठीक म्हणून! तपासलंच नसतं, तर मी त्याच दिवशी धावत आलो असतो, बाई. मी कोट शिवतो. अस्तर उलटं करून शिवण न् शिवण दिव्याखाली धरतो, गिऱ्हाईक ओळखीचं असो नसो. न तपासलेला कोट माणूस स्वतः बघून घेतो. तपासलाय म्हटलं, की डोळे मिटून अंगात घालतो.”

सिस्टरनी त्यांची चादर नीट केली आणि परत कामाला लागल्या. 

बुधवारी सकाळी त्यांनी रकाने कोरेच ठेवले. पहिली तपासणी झाली. पेशंट एक बसचालक होता, बायको बाहेर बसलेली. डॉक्टरांनी सहीसाठी कागद ओढला आणि थांबले. रकान्यात लिहिलं होतं : दोन मिनिटं पस्तीस सेकंद.

हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. आवाज चढला होता. सिस्टरनी शिंप्याचा जुना रिपोर्ट समोर ठेवला आणि फोटोंवरच्या वेळांवर बोट ठेवलं.

“खोटं मी लिहिलं, डॉक्टर. तुम्ही फक्त सही केलीत. हे त्या दिवशीचे अकरावे पेशंट. शुक्रवारी माझा दादा चौथा आहे. चौथ्याला निवांत आणि अकराव्याला घाईत, हे आता माझ्याच्याने लिहवत नाही.”

डॉक्टर स्टुलावर बसले. त्यांचेही पाय दुखतच होते. म्हणाले, तेरा जणांना पुरता वेळ दिला तर घरी कधी जायचं? सिस्टर म्हणाल्या, तेरा घ्यायचे कशाला? नऊ घेऊ. फळ्यावरचा आकडा उतरला तर मी वर जाऊन सांगते.

डॉक्टर उठले आणि बाहेर गेले. बसचालक गुंगीतून जागा होऊन बसला होता. त्याच्यासमोर आणि त्याच्या बायकोसमोर ते उभे राहिले आणि म्हणाले, “मघाशी मी घाई केली. माझी चूक आहे. तुमची परवानगी असेल तर दुपारी पुन्हा बघतो, नीट.” दहा वर्षांत असं वाक्य त्या खोलीबाहेर कुणी ऐकलं नव्हतं!

दुपारी त्याला नऊ मिनिटं लागली. काही सापडलं नाही. पण हे ‘काही नाही’ बघून लिहिलेलं होतं.

शुक्रवारी दादा आला. पोट साफ करायचं औषध पिऊन रात्र संडासात गेली म्हणून कुरकुरत होता, पण शेवटच्या ग्लासापर्यंत सगळं प्यायला होता, त्यामुळे पोट स्वच्छ होतं. डॉक्टरांनी त्याला इतर आठ जणांसारखंच बघितलं. सातव्या मिनिटाला, एका घडीच्या पाठीमागे, अस्तराच्याच रंगाचा एक चपटा कोंब दिसला. तो त्यांनी तिथेच काढला. घाईत तो कुणालाही दिसला नसता, असं ते स्वतःच म्हणाले. सिस्टरनी वेळ लिहिली : दहा मिनिटं वीस सेकंद.

संध्याकाळी त्या वॉर्डात गेल्या. शिंपीकाकांचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. पुढे काय, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. सिस्टरनी दादाचं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माझा धाकटा भाऊ पंचावन्नचा आहे. त्याला पाठवतो तुमच्याकडे.” मग त्यांनी कूस बदलली. सिस्टर जिन्यात बसून पोटभर रडल्या.

वाचकहो, ही तपासणी जरूर करून घ्या, घाबरू नका. औषध अर्धं ओतून देऊ नका, कारण जे झाकलेलं आहे ते चांगल्या डॉक्टरलाही दिसत नाही. आणि नंतर न लाजता विचारा : बाहेर येताना किती वेळ बघितलंत? तुमच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या किती जणांमध्ये कोंब सापडतात? हा उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे. आणि तुमच्या-माझ्या टेबलावरही असा एखादा रकाना असेलच, जो आपण न बघता भरतो. उद्या सकाळी तो कोरा ठेवा, आणि बघून झाल्यावरच भरा. त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी घरी निर्धास्त झोपणार आहे.