आपोआप उमटणारे 'नाही'

शोधून न सापडणे आणि मुळात न शोधणे, या दोहोंत मोठे अंतर आहे. पहिल्यात माणसाचे श्रम असतात, दुसऱ्यात त्याची टाळाटाळ असते. पहिल्यावर विसंबून चालता येते. दुसऱ्यावर विसंबणाऱ्याचा घात होतो. तरीही दोन्ही गोष्टी एकाच शब्दाने लिहून ठेवण्याची सोय मिळाली, की माणूस ती घेतो, आणि आपण असत्य लिहिले असे त्याच्या मनाला शिवतही नाही. उघड खोटे बोलणाऱ्याला निदान भय असते. या खोट्याला बोलणाराच नसतो. मग जाब विचारावा तरी कोणाला?

एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदणी विभागातल्या एका सुनेवर हा जाब विचारण्याची वेळ आली. विभागात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शिकवण्याशी तिचा संबंध नव्हता. ती फॉर्म तयार करीत असे. रुग्ण आला की खिडकीवरची लेखनिक संगणकावर जो फॉर्म उघडते, त्यातली प्रत्येक चौकट बाईंच्या हातची. कोणत्या चौकटीत मजकूर लिहायचा, कोणत्या चौकटीत यादीतून निवडायचे, कोणती रिकामी ठेवली तर फॉर्मने पुढे जाऊच द्यायचे नाही, हे सारे त्या ठरवीत, आणि कोणी त्यात ढिलाई केली की भर विभागात त्याचे कान उपटीत. त्यांच्या शेजारच्या टेबलाशी त्यांचा धाकटा दीर बसे. बाईंच्या शब्दावर त्याला तेथे घेतले होते, आणि त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती.

त्या दिवशी दुपारी बाई वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात उभ्या होत्या. समोर खाटेवर त्यांचे सासरे होते. ओठ सुजून ओळखू न येण्यासारखे झालेले, डोळ्यांच्या फटी उरलेल्या, नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा. सकाळी ते पायाच्या जखमेसाठी आले होते. नवा बूट चावला होता आणि तेथे पू झाला होता. धाकट्या मुलाने, म्हणजे बाईंच्या त्याच दिराने, त्यांना खिडकीपुढच्या रांगेत उभे केले आणि नोंदणीप्रमुख साहेबांनी बोलावले म्हणून तो घाईने आपल्या जागेवर गेला. त्यानंतर त्यांना पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले गेले. ते औषध त्यांना चालत नाही हे घरातल्या लहानथोरांना तोंडपाठ होते.

"आता धोका टळलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "पण थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं."

"इंजेक्शनच्या आधी विचारलं नाहीत त्यांना?"

"स्क्रीनवर लिहिलं होतं. औषधाची अॅलर्जी, नाही. खिडकीवर विचारूनच भरतात ना ते? मी पुन्हा विचारायला हवं होतं, कबूल. पण समोर स्वच्छ 'नाही' दिसत असताना..."

सासऱ्यांनी मुखवटा जरा बाजूला केला. उभा जन्म त्यांनी न्यायालयात लघुलेखक म्हणून काढला होता; इतरांचे बोलणे टिपायचे आणि स्वतः प्रश्न आल्याखेरीज तोंड उघडायचे नाही, ही सवय हाडीमासी खिळली होती. जेवतानाही 'मीठ हवं का' असे विचारल्यावाचून ते मीठ मागत नसत.

"सूनबाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी सासऱ्यांचा मुखवटा नीट बसवला, पांघरूण सारखे केले आणि जिना उतरल्या. खिडकीशी क्षणभर थांबून त्यांनी आतल्या लेखनिक ताईंना विचारले, "अॅलर्जीचं विचारता ना सगळ्यांना?"

"पूर्वी विचारायचो," ताई हातातले काम न थांबवता म्हणाल्या. "आता ते भरूनच येतं. बरं झालं बाई, तेवढीच रांग पुढे सरकते."

त्या भाबड्या समाधानावर रागावण्यातही अर्थ नव्हता. बाई तडक विभागात गेल्या आणि फॉर्मचा आराखडा उघडला. 'औषधाची अॅलर्जी' या चौकटीवर बोट ठेवताच शेजारच्या पट्टीत तिचे गुणधर्म दिसू लागले. बाईंनी ती चौकट मोठ्या विचाराने घडवली होती. तीत तीन पर्याय होते: आहे, नाही आणि विचारले नाही. आरंभी चौकट रिकामी दिसे, आणि तिघांपैकी एक निवडल्याशिवाय फॉर्म जतन होत नसे. 'विचारले नाही' निवडले की वॉर्डातल्या पडद्यावर त्या रुग्णाच्या नावापुढे लाल पट्टी येई, म्हणजे औषध देणाऱ्याने आधी विचारावे. आता तिसरा पर्याय नाहीसा झाला होता. आरंभीच्या मूल्याच्या जागी 'नाही' घातलेले होते. रुग्णाने खिडकीशी तोंड उघडण्याआधीच त्याचे उत्तर तयार होते.

वडिलांच्या उशाशी बसलेला दीर बाईंची चाल पाहून मागोमाग खाली आला होता.

"भावजी, हे कोणाचं काम?"

त्याने पडद्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. "माझं."

"कारण?"

"लाल पट्ट्या फार व्हायला लागल्या होत्या, वहिनी. वॉर्डातून खिडकीला फोन, खिडकीवरून मला फोन. साहेब म्हणाले, काहीतरी कर. बहुतेकांना अॅलर्जी नसतेच, म्हणून मी..."

"म्हणून तुम्ही आख्ख्या गावाच्या वतीनं उत्तर देऊन टाकलंत. उद्या नाव विचारायचा कंटाळा आला तर सगळ्यांची नावंही एकच ठेवाल. बहुतेकांना दोन पाय असतात, तेही भरून टाका. शस्त्रक्रियेवाल्यांचं काम हलकं होईल."

"वहिनी, वर बाबा आहेत. मला काय कमी लागलंय का ते?"

"तुमच्या लागण्याचं मी काय करू? दुसऱ्या कोणाचे बाबा असते तर तुम्हाला कळलं तरी असतं?"

दीर हळू, पण स्पष्ट म्हणाला, "तपासणी तुमची होती."

विभागात एक दंडक होता. एकाने फॉर्ममध्ये बदल करावा, दुसऱ्याने तो उघडून तपासावा आणि मगच संमतीचे बटण दाबावे; त्यावाचून बदल रुग्णालयभर लागू होत नसे. हा दंडक बाईंनीच घातला होता, आणि परक्यांच्या कामाला त्या तो डोळ्यांत तेल घालून लावीत. पण दिराने एकदा अक्षरांचा आकार, चौकटींचा रंग, अशा किरकोळ दुरुस्त्यांसोबत हा बदल पाठवला होता. घरचाच मुलगा, काय बघायचे, असे म्हणून त्यांनी डबा खाता खाता बटण दाबले होते. त्यांना ते आता आठवले, आणि त्या आठवणीने राग ओसरण्याऐवजी दुणावला. कारण आता तो फेकायला दूरची जागा उरली नव्हती.

"होती," त्या म्हणाल्या. "घरचे म्हणून सोडलं मी तुम्हाला. ती माझी चूक, आणि ती मी साहेबांसमोरही सांगेन. पण त्यानं तुमची चूक निम्मी होत नाही, भावजी. ती आहे तेवढीच राहते."

इतक्यात नोंदणीप्रमुख आत आले. मोठे गोड बोलणारे गृहस्थ. कोणावर आवाज चढवणे त्यांना कमीपणाचे वाटे.

"बाई, वर सगळं ठीक आहे असं कळलं. फार बरं वाटलं. घरी जा, विश्रांती घ्या."

"फॉर्म नीट करून जाते."

"करू या की. पुढच्या आठवड्यात तपासणी समिती येऊन जाऊ दे. या विभागाच्या नोंदी प्रथमच शंभर टक्के पूर्ण दिसताहेत. लोक आपलं कौतुक करायला येताहेत, बाई."

"त्या पूर्ण नाहीत, साहेब. भरलेल्या आहेत."

"बरं, तुमच्या समाधानासाठी आजपासून चौकट रिकामी येऊ दे. नव्या रुग्णांना विचारू. झालं?"

"आणि जुने? आज वॉर्डात झोपलेत ते? त्यांच्या नावापुढे जे 'नाही' आहे, त्यातलं विचारलेलं कोणतं आणि आपोआप आलेलं कोणतं, हे तुम्ही मला ओळखून दाखवा. मला ओळखता येत नाही. मी घडवलेली चौकट, आणि मला येत नाही. सगळे 'नाही' पुसायला हवेत. सगळ्यांपुढे 'विचारले नाही' यायला हवं."

"म्हणजे साऱ्या रुग्णालयात लाल पट्ट्या," साहेबांचा गोडवा किंचित आटला. "खरी उत्तरंही जाणार त्यात."

"जाऊ देत. खरं उत्तर पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच येतं."

"बाई, मी परवानगी देत नाही. आणि तुम्ही एकट्यानं ते करूही शकत नाही. दुसरी संमती लागते, नियम तुमचाच आहे." ते दिराकडे वळले; स्वर पुन्हा मऊ झाला. "आणि हा शहाणा मुलगा आहे. याच्या कायम होण्याचे कागद माझ्या टेबलावरच आहेत."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि काम सुरू केले. कळा अशा आपटत होत्या, की पलीकडच्या टेबलांवरची बोलणी थांबली. तिसरा पर्याय परत आणला. आरंभीचे मूल्य काढून टाकले. मग जुन्या नोंदींपैकी जिथे जिथे 'नाही' होते, तिथे तिथे 'विचारले नाही' घालणारी आज्ञा लिहिली. 'आहे' लिहिलेल्या नोंदींना हात लावला नाही; त्या कोणीतरी स्वतःहून निवडलेल्या होत्या. प्रत्येक ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"भावजी, तपासा. या वेळी उघडून तपासा. मी घरची आहे म्हणून सोडू नका."

दीर पडद्यासमोर बसला. साहेब त्याच्या खांद्यामागे उभे होते. त्याने पहिल्यापासून वाचायला घेतले, आणि खरोखरच एके ठिकाणी थांबला.

"यात घरी गेलेले रुग्णही येतात, वहिनी."

"यायलाच हवेत. ते परत येतील तेव्हा?"

"हो." तो पुढे वाचत गेला. त्याच्या कानशिलांवर घाम आला होता. शेवटी त्याने विचारले, "सगळीकडे पट्ट्या आल्या की वॉर्डातली औषधं थांबतील?"

"थांबणार नाहीत. देण्याआधी विचारावं लागेल. अर्धा दिवस सगळे आपल्याला शिव्या घालतील."

"साहेब," दीर मागे न पाहता म्हणाला, "मी खिडकीशी बाबांना सोडून तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही बोलावलं होतं, तपासणीच्या आकड्यांसाठी."

"तुझ्या वडिलांबद्दल मला वाईटच वाटतंय. पण भावनेच्या भरात..."

"तुम्हाला वाईट वाटतंय हे मला ठाऊक आहे. ते कागद राहू देत तुमच्याकडे."

त्याने संमतीचे बटण दाबले.

"दोघांनीही लेखी खुलासा द्यायचा," एवढेच म्हणून साहेब निघून गेले. त्या संध्याकाळी ते कोणाशी गोड बोलले नाहीत.

मग रुग्णालयात जो कल्लोळ उडाला, त्याचे वर्णन काय करावे. सर्व मजल्यांवरून फोन खणखणू लागले. संगणक बिघडला का, कोणाच्या डोक्यातून ही लाल रांगोळी निघाली, आम्ही रुग्ण सांभाळायचे की तुमचे रंग, असे अनेकांनी अनेक परींनी ऐकवले. बाई प्रत्येकाला एकच सांगत होत्या: "संगणक ठीक आहे. विचारलेलं नव्हतं, ते आता दिसतंय." मनुष्यबळ अपुरे म्हणून वॉर्डप्रमुख परिचारिका ओरडली, तेव्हा बाई दिराला म्हणाल्या, "चला." त्या दिवसातले ते त्यांचे त्याच्याशी शेवटचे बोलणे.

दोघे वॉर्डात गेले. एका बाजूने बाई, दुसऱ्या बाजूने दीर, सोबत एकेक परिचारिका. प्रत्येक खाटेशी थांबायचे, नाव घ्यायचे, विचारायचे. बहुतेकांनी 'नाही' म्हटले, आणि ते ऐकून परिचारिकेने ते निवडताच पट्टी विझे. एका आजींनी आपल्याला जावयाचे वागणे सोडून काहीही सोसते असे सांगितले. खिडकीजवळचा एक दाढीवाला सुतार मात्र विचारात पडला, आणि म्हणाला, "ते सल्फावालं औषध घेतलं की माझी कातडी सोलून निघते. पण ते इथं कोणाला सांगायचं?" त्याच्या उशाशी ठेवलेल्या संध्याकाळच्या गोळ्यांकडे परिचारिकेने पाहिले, वाटी उचलली आणि डॉक्टरांकडे धावत गेली.

दीर त्या खाटेशी खिळल्यासारखा उभा राहिला. पलीकडून बाईंनी ते पाहिले. त्यांच्या ओठांवर एक जळजळीत वाक्य आले होते, आणि ते त्यांनी गिळले. कृपा म्हणून नव्हे, तर पुढच्या खाटेवरचा मनुष्य वाट पाहत होता म्हणून.

दिवस मावळता मावळता पट्ट्या विरळ झाल्या. बाई सासऱ्यांच्या खाटेशी आल्या तेव्हा दीर आधीच तेथे होता. वडिलांच्या उशाशी वाकून, सगळे ठाऊक असूनही, तो रीतसर विचारीत होता, आणि वृद्ध लघुलेखक तितक्याच रीतसर, शब्द मोजून, उत्तर देत होते. बाई दोन पावले अलीकडेच थांबल्या. राग अजून होता. दिराचा, साहेबांचा आणि स्वतःचा. तो उतरायला पुष्कळ दिवस लागणार होते, आणि त्यांनी त्याला उतरण्याची घाई केली नाही.

खिडकीशी बसणाऱ्यांच्या वाणीला विचारण्याचा शीण न येवो. न विचारता न बोलणाऱ्यांना विचारणारे कोणीतरी सदैव भेटो. ज्या घरात त्या रात्री दोन माणसे एकमेकांशी न बोलता एकाच पंगतीला बसली, त्या घराचे कल्याण असो.