बॉनेटवरचे सात डाग

"मावशी, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत म्हणे, खरं काय ओ?"

विचारलं एकदाचं! समोरच्या गाड्यावर लिंबूसोडा पीत माझ्या मैत्रिणी सेजल आणि हर्षा खिदळत होत्या. पैज त्यांचीच. सेजलच्या पप्पांच्या ऑनलाइन सेंटरवर हौसामावशी आधारकार्डासाठी गेली होती आणि मशीनने तिचा अंगठा चार वेळा नाकारला होता. "तूच विचार गो. वक्तृत्वात पहिली आलीस मगे? मोठी बोलकी!" सेजल म्हणाली. मग मी काय मागे राहते? ते बक्षीस मिळाल्यापासून मला कुणाचीच भीती वाटेनाशी झाली होती.

सुदेशदादाच्या वॉशिंग सेंटरवर आमची पांढरीशुभ्र गाडी उभी होती. रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून पापांनी तिच्यावर पारदर्शक फिल्म बसवून घेतलीय. डिचोलीत फिल्मवाल्या गाड्या बऱ्याच झाल्यात आता, पण त्या धुवायला हौसामावशीच लागते. ती खानापूरकडची. बारीक, पन्नाशीची, साडीवर पुरुषी शर्ट.

तिला राग आला नाही. तिने हात पुसले आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. "बघ की."

मी बघितलं. बोटांची टोकं चकचकीत होती. वितळून पुन्हा थिजलेल्या प्लॅस्टिकसारखी. एक रेष नाही.

"काजूच्या फॅक्टरीत बावीस वर्षं बिया फोडल्या. टरफलाचं तेल कातडं खातंय."

"हातमोजे नव्हते?"

"मोजं घातलं की बी निसटती. आन गर तुटला की मुकादम वराडतोय." ती हसली. "एक बरं झालं बग. तुमच्या फिल्मवर माझा ठसा उठत न्हाई."

मला हसता येईना. पैज जिंकल्याचंही मी विसरले.

ती पुन्हा कामाला लागली. आधी नुसतं पाणी सोडलं. "कोरडं फडकं कदी मारायचं न्हाई. खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ म्हंजे पॉलिशपेपरच." मग दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खंगाळायला साधं पाणी. फिल्मच्या कडेला फवारा जवळ न्यायचा नाही, ती सुटते. छपरावर पाखराने घाण केली होती, त्यावर तिने ओली चिंधी ठेवली. "खरवडायचं न्हाई. भिजू द्यायचं. आपुआप सोडतंय." जखमेवरची पट्टी सोडवावी तसं हळुवार ती बोलत होती.

बॉनेटवरचा फेस उतरला आणि तिचा हात थांबला.

सात डाग. पिवळट तपकिरी. प्रत्येकाभोवती फिल्म सुरकुतलेली.

तिने एका डागावर बोट फिरवलं, मग ते बोट उलटं करून बघितलं. "हे काजूचं तेल हाय," ती हळूच म्हणाली. "आन वर कुणीतरी राकेल चोळलंय."

ते कुणीतरी म्हणजे मी!

गेल्या रविवारी लाटंबार्स्याला, आजोळी, अंगणात उभ्या गाडीजवळच मी पत्र्याच्या डब्यात काजूच्या बिया भाजत होते. मोठी माणसं आत जेवत होती. बियांनी पेट घेतला, तेल तडतडून उडालं, थोडं माझ्या हातावर, थोडं बॉनेटवर. मी घाबरून रॉकेलचा बोळा फिरवला. काळं निघालं. मला वाटलं, गेलं! मग त्यावर खाणीची धूळ बसली. पुढचे सहा दिवस एवढ्या उकाड्यात मी पीटीचं जॅकेट घालून फिरत होते, मनगटावरचे फोड दिसू नयेत म्हणून.

तेवढ्यात बाजार करून पापा आणि आई आले. पापांनी बॉनेट बघितलं आणि हातातली पिशवी खालीच टाकली.

"ह्या काय? सुदेश! काय लायलां हिणें माज्या गाडयेक?"

"सायब, त्ये काजूचं तेल हाय," हौसामावशी म्हणाली. "म्या आत्ताच पाणी मारलंय."

"काजूचा तेल? आमी काय बॉनेटार काजू भाजतांव?" पापा ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबली. "फॅक्टरीतलां तेल तुज्याच हातांक आसतला!"

तिने फॅक्टरी सोडून तीन वर्षं झाली होती. माझे पापा, जे आमच्या मांजरावरसुद्धा आवाज चढवत नाहीत, ते असं बोलू शकतात?

सुदेशदादा खालमानेने पापांपुढे आला. "कृष्णनाथबाब, शांत रावात. हौसा, तू सोमवारपासून येऊ नको."

बोल, मी स्वतःला म्हणाले. बोल ना! भर सभागृहात सात मिनिटं न अडखळता बोललेली मी! आणि आता मी नुसती जॅकेटची बाही चुरगळत होते, ती वर सरकली होती.

हौसामावशीने माझं मनगट बघितलं. तीन तपकिरी फोड. आता सांगेल, मला वाटलं, आता सगळ्यांना दाखवेल.

तिने दोन बोटांनी माझी बाही खाली ओढली.

"खोबरेल लाव," ती फक्त मला ऐकू येईल असं पुटपुटली. "हात उनात काढू नगंस. डाग ऱ्हातोय."

आणि ती वळली आणि उरलेली गाडी पुसू लागली. काम गेलेलं, तरी! बॉनेट, दारं, आरशांच्या खालच्या खाचा. पाणी तसंच सुकलं तर फिल्मवर पांढरे ठिपके राहतात ना, म्हणून. शेवटी तिने दोन्ही बादल्या उपड्या घातल्या, फडकी पिळून दोरीवर टाकली आणि चपला शोधू लागली.

सेजलने रस्त्यापलीकडून अंगठा उंचावला. पैज जिंकलीस! मी मान फिरवली.

आम्ही गाडीत बसलो. पापा धुसफुसत होते. आई म्हणाली, "बिचारी. खंय जातली ती आता?"

"खंयय जांव," पापा म्हणाले, कुठेही जावो अशा सुरात.

नदीवरचा पूल आला.

"पापा, गाडी थांबवा."

"किदें जालां गो?" पापांनी गाडी कडेला घेतली.

मी जॅकेट काढलं आणि हात दोघांच्या मध्ये धरला. पापांनी आरशात नाही, सरळ मागे वळून बघितलं. मी रविवारचं सगळं सांगितलं. डबा, बिया, रॉकेल. तिने माझी बाही ओढली तेही.



"घरा जावन बोलूया," पापा म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"नाही," मी म्हणाले आणि दार उघडलं. "ती बस धरायच्या आत मी परत जातेय. तुम्ही तिला सगळ्यांसमोर बोललात, तर मीही सगळ्यांसमोरच सांगणार. तुम्ही दोघं गाडी वळवून या, नाहीतर मी चालत जाते."