साहेब म्हणाले, "दे"

अकरा वर्षं मी आमच्या कोळंबी निर्यातीच्या ऑफिसात फोनवर बसले आणि माझ्या हातून एकही कॉल तुटला नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. दोन हजार सहा साली जुना बोर्ड काढून इंटरनेटवरचे फोन बसवले, आणि महिनाभरात मी बिनडोक ठरले.

व्हायचं काय, तर दुबईचा फोन यायचा. मी गिऱ्हाइकाला थांबवून सुर्वे साहेबांच्या केबिनमध्ये लावायचे, "साहेब, दुबई आहे" म्हणायचे. साहेब म्हणायचे, "हां, दे." मी बटण दाबायचे आणि फोन कट! लगेच केबिनमधून आरोळी.

"हफीजा! तोडलास परत?"

"मी नाय तोडला, साहेब."

"मग काय मी तोडला?"

सगळं ऑफिस हसायचं. मी दात-ओठ खात बटणांचा कागद पुन्हा वाचायचे.

फोन बसवणाऱ्या कंपनीचा रितेश कोल्हापूरहून तीनदा आला. पहिल्यांदा त्याने वायर बदलली, दुसऱ्यांदा माझा फोन बदलला. तिसऱ्यांदा काहीच सापडेना, तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत कागदावर लिहिलं, 'ऑपरेटर चुकीचे बटण दाबतात. प्रशिक्षण दिले.' खाली माझी सही हवी होती. साहेबांचं तर ठरूनच गेलं होतं. एक तारखेपासून मी खाली कोळंबी सोलायला, आणि माझ्या खुर्चीत दापोलीहून येणारी त्यांची भाची.

कोळंबी सोलण्याची मला लाज नाही, माझ्या आईने जन्मभर तेच केलं. पण न केलेल्या चुकीची शिक्षा म्हणून मी का सोलू?

"सही करणार नाय," मी रितेशला म्हटलं. "डिस्पॅचच्या सोनूबाईंना दिलेला एकही फोन तुटत नाय. बटण तेच, बोटही हेच. मग साहेबांचाच कसा तुटतो?"

तो म्हणाला, "फोन कुणी ठेवला त्याची मशीनमध्ये नोंद असते, मॅडम."

"मग तीन खेपांत बघितली का नाय?"

त्याने लॅपटॉप उघडला. तुटलेल्या प्रत्येक कॉलपुढे एकच नंबर होता, अकरा. अकरा म्हणजे साहेबांची केबिन.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या बोर्डावर साहेब "दे" म्हणून रिसीव्हर खाली ठेवायचे आणि मी लाइन जोडून पुन्हा घंटी द्यायचे. नव्या फोनला दुसरी घंटीच नाही. मी बटण दाबलं की दुबई थेट साहेबांच्या कानाशी, आणि साहेब सवयीने रिसीव्हर ठेवून घंटीची वाट बघत बसलेले!

"हे साहेबांना कोण सांगणार?" रितेशचा चेहरा उतरला. "मी लिहितो, सेटिंगमध्ये दोष होता, दुरुस्त केला."

"म्हणजे उद्या तुटला की परत मीच?" माझा आवाज चढला. "बस माझ्या खुर्चीत. दुबई आली की साहेबांना दे."

साडेअकराला दुबईचा फोन ठरलेला असायचा. पाच मिनिटं आधी मी तो कागद घेऊन केबिनमध्ये गेले.

"केलीस सही?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"करते, साहेब. एक फोन होऊ दे."

फोन वाजला. पलीकडे रितेश चाचरत काहीतरी म्हणाला.

"हां, दे," साहेब म्हणाले आणि रिसीव्हर खाली आणला.

मी मध्ये हात घातला. रिसीव्हर माझ्या तळहातावर आपटला, चांगलाच लागला. आणि त्याच्यातून दुबईवाला ओरडत होता, "हॅलो? सुर्वे साब? हॅलो!"

साहेब माझ्या हाताकडे बघत राहिले. मी रिसीव्हर उचलून त्यांच्यापुढे धरला.

"दिला, साहेब," मी म्हटलं. "आता तरी घ्या."