माझे शेपूट शेजारी सापडले

टेबलावर पाच कार्डे होती, माझ्या पाच मुलांची: इंग्रजी, जर्मन, डच आणि स्वीडिश ‘रिंग’, शिवाय आइसलँडिक ‘ह्रिंगुर’. माझे स्वतःचे कार्ड मात्र अजून कोरेच होते.

मित्रांनो, मी इतका जुना शब्द आहे की मला लिहिलेले कुणी पाहिलेच नाही. मुलांचे चेहरे पाहून बापाचा चेहरा ताडावा, तसे अभ्यासकांनी मला शोधून काढले: ‘ह्रिंगझ’, म्हणजे कडे. अशा ताडलेल्या शब्दापुढे तारका काढतात. मला ती फार आवडते.

तरुणपणी मी भरपूर राबलो. बोटातले असो की साखळीचे, कुठल्याही कड्याला माझेच नाव. पुढे मुले पांगली आणि प्रत्येकाने माझे शेपूट, म्हणजे शेवटचा ‘अझ’, थोडेफार छाटले.

त्या शेपटावरूनच शब्दकोशाच्या कचेरीत आत्या-भाचीची जुंपली होती. आत्या संपादक, भाचीची ही पहिलीच नोंद.

“एकाकडे तेवढा ‘उर’ उरलाय. त्यावरून तू ‘अझ’ कसं म्हणतेस? स्वप्नात आलं का? पुरावा दे, नाहीतर नोंद वगळते. संध्याकाळी पान छपाईला जातंय.”

माझा जीव टांगणीला लागला.

“आत्या, घरच्यांनाच किती विचारत बसायचं? शेजारी विचारू की!”

“ते परके. त्यांची कार्डं मीच पलीकडच्या खोलीत हलवलीत.”

“तरीच!” म्हणत भाची गेली आणि धूळ झटकत फिनिश कार्ड घेऊन आली.

फिनिश आमच्या नात्यातली नव्हे. फार पूर्वी तिने मला उसने नेले, ते परत काही केले नाही. पण जपले असे, की विचारू नका! ‘रेंगास’. तिच्याकडे ‘झ’ नव्हता म्हणून ‘स’ लावला; बाकी शेपूट जागच्या जागी. आता ती गाडीच्या टायरलाही हेच म्हणते. म्हातारपणी मी रस्त्यावर धावतो आहे!

“एकटाच आहे का हा असा?” आत्याने चष्मा वर केला.

“छे गं! इंग्रजी ‘किंग’चा बाप, ‘राजा’साठीचा शब्द, तोही तिने असाच उसना नेलाय, शेपटासकट. ‘कुनिंगास’.”

आत्या हसायलाच लागली. “घरच्यांनी उधळलं आणि शेजारणीनं सांभाळलं! लिही बाई, लिही.”

मित्रांनो, उसनी आणलेली वस्तू जिवापाड जपा. कधी कधी तिच्या धन्याला स्वतःची ओळख तिच्यावरूनच पटवावी लागते.

भाचीने मला कार्डावर लिहिले. शेपूट धरून मी केवढा, ते मोजायला आत्याने पट्टी लावली. तारकेपासून शेपटाच्या टोकापर्यंत एकोणीस मिलिमीटर.