घरचा परवाना

मंगळवारी सकाळी बटाटे चिरता चिरता थोरल्या सुनेने एका पाळणाघराच्या वीजकामावर सही केली.

कागद धाकट्या दिराने आणून ओट्यावर ठेवला होता. पेनाचं टोपण त्यानेच काढून दिलं आणि ओल्या हाताचा डाग पडू नये म्हणून फडकंही त्यानेच पुढे केलं. ‘सर्व तारजोडणी मी स्वतः तपासली असून ती सुरक्षित आहे’ असं कागदावर छापलेलं होतं. तिने ते वाचलं नाही. एकोणीस वर्षं तेच ते वाचायचं तरी किती?

“कुठलं आहे हे, भाऊजी?”

“पाळणाघर आहे, वहिनी. जुन्या इमारतीला मागे दोन खोल्या काढल्यात. करा लवकर, माणूस खाली खोळंबलाय.”

तिने सही केली आणि पुन्हा विळीकडे वळली.

ह्या प्रकाराला त्या शहरात कुणी लबाडी म्हणत नसे. ‘घरचा परवाना’ म्हणत. वीजकामाचं दुकान टाकायचं तर परवाना असलेलं एक माणूस लागतं. ते दुकानात दिसलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय? मग कुणाचे अंथरुणाला खिळलेले वडील, कुणाचा निवृत्त मामा, तर कुणाची सून. सही त्यांची आणि काम भलत्याचंच. त्यातही सून फार सोयीची पडते, कारण ती घरातच सापडते आणि उलटून विचारत नाही. लग्न ठरवताना मुलीच्या शिक्षणाचं तोंडभरून कौतुक करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ह्या घराने तर ते कौतुक काचेच्या चौकटीत घालून दुकानातच टांगलं होतं.

चौकटीतलं ते प्रमाणपत्र तिने रक्ताचं पाणी करून मिळवलेलं होतं. तंत्रशाळेच्या वर्गात अडतीस मुलगे आणि ती एकटी. ती दुसरी आली. पुढे दोन वर्षं एका छापखान्यात यंत्रांची वायरिंग सांभाळली, परवान्याची परीक्षा दिली, आणि मग लग्न झालं. “आमच्याकडच्या बायका शिडीवर चढत नाहीत,” असं सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. सही करायला शिडी लागत नाही, हे मात्र दिराच्या लगेच लक्षात आलं.

यंदा सरकारने नियम काढला, की जुने परवाने सहा आठवड्यांचा उजळणी वर्ग केल्याशिवाय पुढे चालणार नाहीत, आणि वर्गाला ज्याचं त्यानेच बसायचं. दीर दोन दिवस चिडचिड करत होता. मग त्यानेच फॉर्म भरला, त्यानेच तिला गाडीवर बसवून नेलं आणि दारात सोडताना म्हणाला, “नुसतं बसून या. हजेरी लागली की झालं.”

पण ती नुसती बसली नाही. एकोणीस वर्षांनी पक्कड हातात आली तेव्हा ती नुसतीच तिची उघडझाप करत राहिली, आणि पहिल्याच परवान्यासाठी आलेल्या शेजारच्या विशीतल्या पोरी बघतायत हे दिसल्यावर उगाच पाणी प्यायला उठली. पहिला आठवडा तिची फजितीच झाली. नवे खटके, नवी मोजणीयंत्रं, तारांचे रंगसुद्धा नवे. “काकू, तुमच्या वेळी वीज होती का हो?” असं एकीने विचारलं आणि सगळ्यात मोठ्याने तीच हसली. पाचव्या आठवड्यात लेखी परीक्षेचा निकाल लागला, ती पहिली आली. सरांनी तिला बाजूला बोलावून सांगितलं, “मोठ्या इस्पितळाच्या देखभाल खात्यात जागा निघाली आहे. जुनी आणि नवी, दोन्ही पद्धती येणारं माणूस त्यांना हवंय. नवा परवाना हातात आला की एक तारखेपासून या म्हणतायत.”

घरी तिने हे कुणालाच सांगितलं नाही. जिन्यावरून चढता-उतरता मात्र ती मनातल्या मनात इस्पितळात जाऊन येई. घरातलं कुणी आडवं आलं तरी आता मागे हटायचं नाही, असं तिने पक्कं ठरवलं होतं.

त्या मंगळवारी दुपारी वर्गात शेवटचं प्रात्यक्षिक होतं. सरांनी एक फळा उभा केला. त्याच्या डाव्या अंगाला जुन्या इमारतीतून काढलेल्या तारा होत्या, एक निळी आणि एक काळी. उजवीकडे नव्या, एक निळी आणि एक तपकिरी; त्यांच्या टोकाला दिवा आणि तपकिरीच्या वाटेवर बटण. “जोडा,” ते म्हणाले. एका मुलीने निळीला निळी जोडली, उरलेल्या काळीला तपकिरी. बटण दाबलं, दिवा लागला. बटण बंद केलं, दिवा विझला. मुलगी खूश.

“काकू, आता बटण बंद आहे. दिवा काढा.”

ती पुढे झाली आणि जुन्या सवयीने तिने आधी टेस्टर लावला. टेस्टरमधला लाल ठिपका पेटला.

“बटण बंद आहे ना?” मुलीने विचारलं.

“आमच्या वेळी निळी तार ही वीज आणणारी होती,” ती हळूच म्हणाली. “लाल, पिवळी, निळी, तिन्ही वीज आणायच्या. परत नेणारी फक्त काळी. आता निळी परत नेणारी झालीये.”

“म्हणजे?” सरांनी वर्गाकडे पाहिलं. “म्हणजे बटणाने परतीची वाट बंद केली. दिवा विझला खरा, पण वीज दिव्यापर्यंत आलेलीच आहे. हात लावणाऱ्याला कळतही नाही. जुन्या इमारतीत नवं काम करताना हे हमखास होतं. दोन्ही रंग डोक्यात असलेलं माणूस जागेवर उभं राहिलं, तरच टळतं.”

सर्वांनी टाळ्या वाजवल्या. तिला मात्र सकाळचा पाळणाघराचा कागद आठवला. दुकानातल्या कामगारांपैकी एकालाही जुन्या रंगांचा अर्थ ठाऊक नव्हता.

संध्याकाळी चहाच्या वेळी दीर, तिचा नवरा आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत बसले होते. तिने कप ठेवले आणि उभ्या उभ्याच विचारलं, “भाऊजी, जुन्या इमारतीत नव्या तारा कशा जोडता तुम्ही?”

“आता ह्यात काय विचारायचं? रंगाला रंग. निळीला निळी.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे. का हो? दिवे लागतात, पंखे फिरतात, आजवर कुणाची तक्रार नाही.”

“त्या वाचनालयातला रंगारी तेवढा पडला होता,” सासूबाई सहज म्हणाल्या. “दिव्याभोवतीचा रंग खरवडताना. चांगला धडधाकट होता, गेला बिचारा.”

“आई, तो चक्कर येऊन पडला,” दीर घाईने म्हणाला. “तसं लिहून आलंय.”

वाचनालय. कधीतरी दोन वर्षांपूर्वी, कणीक मळता मळता. तिला सही करताना कागदाला लागलेलं पीठ आठवलं.

“बटण बंद होतं का तेव्हा?” तिने विचारलं.

दीर कपातल्या चहाकडे बघत राहिला, आणि ते त्याला ठाऊक होतं हे तिला त्याच्या मानेवरून कळलं.

“मला सगळ्या जागांचे पत्ते द्या. मी उद्यापासून एकेक बघते.”

“वेड लागलंय का तुम्हाला? दुकानाला टाळं लागेल. आणि सही कुणाची आहे, वहिनी? आत कोण जाईल?”

“अगं, जाऊ दे ना,” नवरा म्हणाला. आयुष्यातले सगळे प्रसंग त्याने ह्याच वाक्यावर काढले होते. “मेलेलं माणूस काही परत येणार नाही. परवाना उद्या हातात येऊ दे, मग हळूहळू बघू काय ते.”

रिकामे कप सासूबाईंनीच उचलले आणि आत नेले, जे त्यांनी कधीच केलं नव्हतं.

बुधवारी सकाळी परवाना कार्यालयात दीर तिच्याबरोबर गेला, तिला एकटं सोडायला तो तयारच नव्हता. खिडकीपलीकडच्या अधिकारीबाईंनी कागद तपासले, प्रात्यक्षिकाचे गुण बघून मान डोलावली आणि शेवटचा फॉर्म सरकवला. एकच ओळ भरायची होती. ‘आजवर सही केलेली प्रत्येक जागा मी स्वतः तपासली आहे. होय / नाही.’

तिने पेन टेकवलं आणि थांबली.

“‘होय’वर खूण करा,” बाई म्हणाल्या. “सगळे तेच करतात.”

“आणि ‘नाही’ केलं तर?”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मग आज परवाना नाही. चौकशी लागेल. कदाचित कधीच मिळणार नाही.”

“वहिनी,” मागून दीर पुटपुटला, “घराचा विचार करा.”

तिने इस्पितळाचा विचार केला. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला घरापेक्षा, त्या रंगाऱ्यापेक्षाही इस्पितळच जास्त आठवलं. एक तारीख सहा दिवसांवर होती. एका खुणेचा प्रश्न होता, आणि आजवर शंभरदा केलेली गोष्ट आणखी एकदा करायची होती. तिचे डोळे भरून आले. तिने ‘नाही’वर खूण केली आणि फॉर्म परत सरकवला.

“मी एकही जागा पाहिलेली नाही,” ती म्हणाली. “जुन्या इमारतींमध्ये बटण बंद केलं तरी वीज चालू राहते. एक माणूस गेलाय. पत्ते मला देत नाहीत, पण तुमच्याकडे माझ्या सह्यांच्या कागदांच्या प्रती असतील.”

दिराने तिचा दंड धरला. बाई उठून उभ्या राहिल्या आणि थंडपणे म्हणाल्या, “हात सोडा त्यांचा.” मग त्यांनी आतून तीन जाडजूड बाडं मागवली. प्रत्येक कागदाखाली तीच वळणदार सही होती. दीर तोवर दाराबाहेर जाऊन कुणाला तरी फोन करत होता.

सगळ्यांत वर कालचाच कागद होता. बाईंनी नंबर फिरवला आणि आवाज मोठा केला.

“पाळणाघर का? वीज कार्यालयातून बोलतेय. मुलं आलीत का तिथे?”

“उद्यापासून येणार,” पलीकडून एक आनंदी आवाज आला. “आज साफसफाई चाललीये. मावशी शिडीवर चढल्यात, दिवे पुसतायत. काळजी करू नका, बटणं बंद केलीयेत सगळी.”

थोरल्या सुनेने खिडकीतून हात घालून फोन ओढून घेतला. “त्यांना सांगा, कशालाही हात लावू नका. हात मागे घ्या आणि खाली उतरा. आत्ता, आधी सांगा.”

पलीकडे फोन टेबलावर आपटल्याचा आवाज झाला. मग पावलं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. बाईंनी खिडकीची कड घट्ट धरली होती.

“उतरल्या,” अखेर आवाज आला. “घाबरल्यात. पण अहो, बटण बंदच होतं.”

“माहीत आहे मला. मीटरजवळचा मोठा खटका पाडा आणि मी येईपर्यंत चालू करू नका.”

“तुम्ही कोण पण?”

“तुमच्या कागदावर सही आहे ना, ती माझी.”

तिने फोन ठेवला. पुढचा कागद बाईंनीच उलटला. तो दवाखान्याचा होता. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, कुणी उचलेना. बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

“पुन्हा लावा,” ती म्हणाली.