पाच महिने सरकवलेलं ताट

ही गोष्ट १९६८ सालची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होते. कानांवर हेडफोन, समोर भोकांची फळी. एकाची वायर दुसऱ्याच्या भोकात खोचायची आणि दोघं बोलू लागले की खटका वर करून आपण बाजूला व्हायचं. मी खटका वर करत नसे.

आधी गंमत म्हणून ऐकलं, मग चटकच लागली. घरी पोहोचले की नणंद दारातच विचारायची, "काय वहिनी, आज कोणाचं बिनसलं?" माझ्या तोंडात तीळ भिजत नसे.

दर रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून देवाची क्षमा मागायची. पुन्हा नाही, शप्पथ! बुधवारपर्यंत खटका परत खाली. पुढे पुढे मागायचीही लाज वाटू लागली. प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा घेतात तेव्हा, ताट आलं की आपली लायकी नाही म्हणून मी न घेता शेजारी सरकवायची. असे पाच महिने गेले. आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, विचारलं तेव्हा पोट बरं नाही म्हणाले. त्यात खोट्याची भर.

त्याच दिवसांत आमच्याच चर्चला येणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या बहिणीला फोन केला. मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांचे हुंदके मी शेवटपर्यंत ऐकले. हे मात्र नणंदेला सांगितलं नाही, आणि त्याचाच मला केवढा अभिमान! रविवारी उपासनेनंतर बाई पायऱ्यांवर भेटल्या. चेहरा उतरलेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "धीर सोडू नका बाई, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा."

त्या थिजल्याच. "हे मी फक्त ताईला सांगितलंय. फोनवर."

त्या पायऱ्या उतरून निघून गेल्या. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

दोन दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. "क्षमा केली," त्या म्हणाल्या, "पण दुखायचं थांबायला वेळ लागेल." आणि पुढच्याच आठवड्यात मी पुन्हा ऐकलं. पुन्हा त्यांच्याच दारात उभी.

"माझंच ऐकलंत?" बाईंनी विचारलं.

"नाही. दूधवाल्याचं आणि त्याच्या सासूचं."

बाईंना आधी हसू आलं, मग राग. "मग माझ्याकडे कशाला? देवाकडे जा."

"कोणत्या तोंडानं? शंभरदा मागून झालंय."

"आणि तो काय म्हणाला?"

मी जायला वळले.

"अहो, साऱ्या गावाचं कान लावून ऐकता, आणि त्याचं उत्तर यायच्या आत उठून जाता! क्षमा त्याच्याकडे मागायची आणि शिक्षा स्वतःच ठरवायची, हे कुठलं?"

त्या रविवारी बाई मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसल्या. ताट आलं. मी सरकवू लागले, तर त्यांनी ते धरूनच ठेवलं. "घ्या," त्या हळूच म्हणाल्या, "इथे धुतल्या तांदळासारखं कोणी नाही." मी तुकडा घेतला. मान वर होत नव्हती, पण गिळला.

सवय काही त्या दिवशी सुटली नाही. वर्षभरात आणखी तीनदा ऐकलं, तीनदा रडले. पण ताट पुन्हा कधी सरकवलं नाही.

बाईंना मूल झालं नाही. निवृत्तीनंतर त्या बहिणीकडे राहिल्या आणि तिथेच वारल्या. पाळकसाहेब दुसऱ्या चर्चमध्ये गेले. नणंद आता स्वतः सासू आहे. सून तिला काही सांगत नाही म्हणून कुरकुरते. एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली आणि मला बिलांच्या खात्यात बसवलं. मी ऐंशी ओलांडली. क्षमा झाली, हे मी मानते. लाज अजून आहे, आणि ती घेऊनच मी दर रविवारी चर्चला जाते.